समोरच्याला चालणार का? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

आत्या: धाकटा विचारतोय, "आई, वाढदिवसाला तुला कॅमेऱ्याचा चष्मा घेऊ की स्मार्ट घड्याळ?" मला दोन्हीतलं काही कळत नाही. असले कॉम्प्युटर अंगावर घालून लोक खरंच फिरणार आहेत का, की चार दिवसांचं फॅड?

दादा: फॅड कसलं आत्या, लोक फिरतायतच की. घड्याळ, अंगठी, कानातले बड्स, सगळ्यांत प्रोसेसर आहे. फक्त त्याला कॉम्प्युटर कोणी म्हणत नाही.

काका: घड्याळाचं एक वेळ ठीक. चष्म्याचं नाव काढू नकोस. गूगलच्या कॅमेऱ्याच्या चष्म्याचं, गूगल ग्लासचं काय झालं? २०१३ मध्ये केवढा गाजावाजा! जानेवारी २०१५ मध्ये सर्वसामान्यांसाठी विक्री बंद. कारखान्यांसाठी चालू ठेवला होता तोही २०२३ मध्ये गुंडाळला.

दादा: तेव्हा बॅटरी टिकायची नाही काका, आणि दिसायलाही विचित्र. आता साध्या चष्म्यासारखेच येतात.

मी: दादा, नुसत्या बॅटरीमुळे नाही पडला तो. अमेरिकेत सिएटलमधल्या एका बारने तर तो बाजारात यायच्या आधीच "इथे घालून यायचं नाही" असं जाहीर केलं होतं. घालणाऱ्याची तक्रार नव्हती, समोर बसलेल्याची होती. आपलं चित्रण होतंय की नाही हेच त्याला कळेना. माझं म्हणणं एवढंच, की अंगावरचा कॉम्प्युटर रुळणार की नाही हे विकत घेणारा एकटा ठरवत नाही, त्याच्या आजूबाजूचे ठरवतात.
अगदी पहिल्यापासून हेच आहे. १९६१ मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी रूलेटचा, म्हणजे जुगाराच्या फिरत्या चाकावरचा चेंडू कुठे पडेल याचा अंदाज देणारं यंत्र केलं. सिगारेटच्या पाकिटाएवढं, अंगावर लपवलेलं. बुटातली कळ अंगठ्याने दाबायची आणि उत्तर कानात सुरांतून ऐकायचं. लपवलं का? कॅसिनोवाल्याला कळलं असतं तर बाहेर काढलं असतं. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने अशा यंत्रांवर कायद्यानेच बंदी घातली.

काका: हेच म्हणतोय मी!

ताई: पण काका, एक बाजू राहतेय. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला दिसत नाही. तो असा चष्मा वापरतो. दारावरची पाटी, हातातला कागद, सगळं कानात वाचून दाखवतो. एका हातात पांढरी काठी असते, मोबाइल धरायचा तर दुसराही अडकतो. त्याच्या चष्म्याला आमच्यात कोणीही हरकत घेतलेली नाही, कारण तो कशासाठी आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

मी: पटलं ताई. माहीत असणं हाच मुद्दा आहे. म्हणून तर चित्रण सुरू असताना चष्म्याच्या कडेला बारीक दिवा लागतो. पण भर उन्हात तो पटकन दिसत नाही, आणि तो निकामी करून देणारेही निघालेत. त्या दिव्यावर लोकांचा विश्वास बसेपर्यंत चष्मा सगळीकडे चालेल असं मला वाटत नाही.

वहिनी: आत्या, घड्याळाबद्दल मी सांगते. पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो उगाच नाही. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून ठोके मोजतात. अमेरिकेत ४ लाखांहून जास्त लोकांवर याचा अभ्यास झाला. अनियमित ठोक्यांची सूचना ०.५२ टक्के लोकांना आली, म्हणजे साधारण दोनशेत एकाला. ऊठसूट घाबरवत नाही. पण ते निदान नव्हे. हार्ट अटॅक घड्याळाला कळत नाही. छातीत दुखलं तर त्याच्याकडे बघत बसायचं नाही, थेट डॉक्टर.

काका: आणि हे सगळे आकडे कुठे जातात? २०१८ मध्ये आठवतं ना, व्यायामाच्या एका अ‍ॅपच्या नकाशावर वाळवंटातल्या लष्करी तळांच्या वाटा उजळून दिसल्या होत्या. सैनिक धावायला जाताना मनगटावर धावणं मोजणारे पट्टे घालत होते.

दादा: हे मात्र खरंय. शिवाय सगळी मदार कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी फसगत. छातीवर लावून प्रश्न विचारायची एआय पिन २०२४ मध्ये आली, फेब्रुवारी २०२५ अखेर सर्व्हर बंद, पिन निरुपयोगी.

आत्या: मग घेऊच नको का काही?

मी: आत्या, तू आधीच घालतेस! कानातलं यंत्र म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, आवाज वेगळे करून तुला हवा तो मोठा करणारा. सुरुवातीला केस पुढे घेऊन झाकायचीस, आता हात तरी जातो का तिकडे? मुलं दिवसभर बड्स घालून फिरायला लागल्यापासून कानात काही दिसलं तर कोणी वळून बघत नाही. अमेरिकेत तर २०२४ मध्ये साध्या बड्सनाच श्रवणयंत्रासारखं वापरायला सरकारी मान्यता मिळाली. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. ऐकू न येणाऱ्याला लपावं लागू नये.

आत्या: बरं. मग घड्याळच सांगते. समोरच्याशी बोलताना त्याला अवघडल्यासारखं व्हायला नको.

वहिनी: छान. पडल्याचं ओळखायची सोय असलेलंच घ्यायला सांगा. जोरात पडून तुम्ही हलला नाहीत तर थोड्या वेळाने ते स्वतःच मदतीला फोन लावतं. काही घड्याळांत वय ५५ किंवा त्याहून जास्त भरलं की ही सोय आपोआप सुरू होते, काहींत आपण करावी लागते, म्हणून वय खरं भरा. तातडीच्या संपर्कात धाकट्याचा आणि माझा, दोन्ही नंबर टाका.

काका: आणि हो, घड्याळातलं लोकेशन सगळ्यांना दिसेल असं ठेवू नकोस. रविवारी येतो, सेटिंग एकत्र बघू.