शब्दचर्चा: सिंगल माल्ट चाखताना ‘स्मोकी’, ‘नोज’, ‘फिनिश’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

आम्ही पाच-सहा जण सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, फक्त मोड आणलेल्या जवाची व्हिस्की) चाखायला बसणार आहोत. ऑखेनटॉशन, ग्लेनफिडिक १२, तालिस्कर १०, लाफ्रॉइग १० आणि आपल्याकडची अमृत फ्यूजन अशा बाटल्या ठरल्यात. प्रत्येकीपुढे चवीबद्दल दोन-चार वाक्यं मराठीत लिहून ठेवायची आहेत. ‘स्मोकी’ला धुरकट चालेल का? ‘नोज’, ‘बॉडी’, ‘फिनिश’ला काय म्हणता? परिभाषाकोशातले नकोत, बोलताना तोंडात बसतील असे शब्द हवेत.

प्रतिसाद

धुरकट चालेल, पण तो शब्द मला आधी डोळ्यांचा वाटतो. धुरकट हवा, धुरकट काच. चुलीवरच्या दुधाबद्दल आपण म्हणतो, ‘दुधाला धूर लागलाय’. लाफ्रॉइगपुढे मी तसंच लिहीन: ‘हिच्या जवाला धूर लागलेला आहे.’

यात वर्णनाबरोबर कारणही येतं. जव भिजवून, मोड आणून वाळवतात. आपण सत्त्वासाठी नाचणीला मोड आणतो तसंच. मोड येताना दाण्यात जी विकरं (एन्झाइम) तयार होतात ती पुढे स्टार्चची साखर करतात. हा मोडाचा जव वाळवताना खाली पीट जाळलं, की त्याच्या धुरातले फिनॉल, म्हणजे धुराचा वास देणारी रसायनं, ओलसर टरफलाला धरून बसतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापून वाळवतात. हे फिनॉल इतके चिवट की दोनदा भट्टीतून जाऊनही वासात उरतात. लॅगव्हूलिन या धुराच्या व्हिस्कीच्या माल्टमध्ये, म्हणजे मोडाच्या जवात, ते दशलक्ष भागांत ३५ च्या आसपास असतात, आर्डबेगच्या माल्टमध्ये ५५ च्या आसपास.

तुमच्या बाकीच्या शब्दांनाही मी नामं शोधणार नाही. इंग्रजीत चवीचं बोलणं नामांवर चालतं, आपलं क्रियापदांवर. ‘फिनिश लाँग आहे’ याला ‘चव रेंगाळते’. ‘बॉडी’ला ‘जिभेवर दाट लागते’ किंवा ‘पातळ लागते’. ‘नोज’ला साधं ‘वास घेतल्यावर’ पुरतं. सुगंध, परिमल वगैरे लिहू नका, लाफ्रॉइगला तर मुळीच नको. तिला टिंचर आयोडीनचा वास येतो आणि त्या वासासाठीच लोक ती घेतात.

एक शब्द मात्र हवाच: भपकारा. नाक ग्लासात खुपसलं की अल्कोहोलचा जो झोत नाकात जातो तो. फ्यूजन ५० टक्क्यांची आहे, तिथे तो जाणवेल. ग्लास हनुवटीशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, मग हळूहळू वर आणा. चार थेंब पाणी घातलं की भपकारा बसतो आणि वास मोकळा होतो.

प्रतिसाद

एवढं कशाला? स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीच्या प्रदेशांची नावं आहेतच. ‘आयलाची चव’ म्हटलं की धूर, ‘स्पेसाइडची’ म्हटलं की फळं आणि मध. चाखणाऱ्यांना बरोबर समजतं.

प्रतिसाद

समजतं, आणि तिथेच घोटाळा होतो. आयला (उच्चार हाच, हसू आलं तरी) हे बेटाचं नाव आहे. त्याच बेटावरची बुनाहावेनची नेहमीची १२ वर्षांची बाटली बिनधुराची आहे, ब्रुकलॅडीची क्लासिक लॅडीसुद्धा. उलट आर्डमोर हायलँडची असून तिला धूर असतो. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांत पाच नावांना संरक्षण आहे: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला. ती फक्त जागेची नावं आहेत, चवीबद्दल त्यात अवाक्षर नाही. तालिस्कर ज्या स्काय बेटावरची, त्याला तर वेगळा प्रदेशच नाही. कायद्याने ते हायलँडमध्ये मोडतं. पाटीवर आधी ‘आयला’ वाचलेला माणूस धूर शोधत बसतो. ‘धूर लागलेली’ आणि ‘बिनधुराची’ असंच लिहावं, प्रदेश खाली बारीक अक्षरात.

प्रतिसाद

गोव्याहून थोडी भर. ‘डिस्टिल’साठी दारू ‘गाळणे’ म्हणतात, पण इथे तो शब्द अडचणीचा आहे. थंड करून न गाळलेली, असं काही बाटल्यांवर मुद्दाम छापतात आणि ते गाळणं म्हणजे गाळणीतून काढणं. म्हणून ‘भट्टीतून काढलेली’ बरं. काजूचा आंबवलेला रस पहिल्यांदा भट्टीतून काढला की हुर्राक, पुन्हा काढला की फेणी. माल्टही बहुतेक ठिकाणी दोनदाच काढतात, फक्त पहिल्यांदा काढलेलं तिथे कुणी पीत नाही. ऑखेनटॉशन तीनदा काढतात, म्हणून जिभेला हलकी लागते.

प्रश्नकर्ता

‘एज्ड’साठी ‘मुरलेली’ लिहिलंय. बरोबर?

प्रतिसाद

अगदी बरोबर. याहून चांगला शब्द मला तरी माहीत नाही. पाणी जमिनीत मुरतं तशी ती पिंपाच्या लाकडात खरोखर मुरते, थंडी-उन्हाळ्यात आत-बाहेर होते आणि येताना लाकडाचा रंग, व्हॅनिलाचा वास, तुरटपणा घेऊन येते. बाटलीवरचे १२ म्हणजे आतली सगळ्यात कोवळी व्हिस्कीसुद्धा किमान १२ वर्षं मुरलेली.

पिंपातून दरवर्षी जे उडून जातं त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. मी व्यापाऱ्यांचा शब्द घेईन: घट. स्कॉटलंडमध्ये घट वर्षाला साधारण २ टक्के, अमृत जिथे मुरते त्या बंगळूरच्या हवेत १० ते १२ टक्क्यांच्या घरात. तिथे माल्ट फार लवकर मुरतो आणि फार वर्षं ठेवला तर पिंपात उरतच नाही. फ्यूजनवर १२-१५ चा आकडा दिसला नाही म्हणून तिला कच्ची समजू नका.

तिच्यापुढे हेही लिहा, की तिचा थोडा जव स्कॉटलंडचा, धूर लागलेला आहे आणि बाकीचा भारतातला, बिनधुराचा. तुमच्या यादीत तिची जागा तालिस्करच्या आधी ठेवा. तालिस्करला धूर आहेच, शिवाय घशाखाली उतरताना मिरी झणझणते. लाफ्रॉइग अगदी शेवटी, कारण एकदा ती जिभेवर आली की मागाहून आलेल्या ग्लेनफिडिकमधलं पेअर कुणाला सापडणार नाही.