मदत हवी आहे: ग्रँड पियानोच्या झाकणाचा टवका, मुंबईत कोण दुरुस्त करतं?

नमस्कार मंडळी, आमच्या आत्याचा काळा यामाहा ग्रँड वांद्र्याहून दादरला आणला, आणि जिन्यात कठड्याला घासून झाकणाच्या कोपऱ्याचा टवका उडालाय, आत लाकूड दिसतंय, शिवाय बाजूच्या कडेला लांब ओरखडा. आवाज एकदम छान आहे, ट्यूनरने बघितलंय, प्रश्न फक्त दिसण्याचा आहे. पण आत्याने आयुष्यभर त्यावर मुलांना शिकवलं, त्यामुळे तो तसाच ठेवायला मन होत नाही.

ओळखीच्या पॉलिशवाल्याने सरळ सांगितलं की सगळं घासून फ्रेंच पॉलिश (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) मारतो. मला ते पटत नाही. न दिसणाऱ्या जागी कापसाने थोडं स्पिरिट लावून बघितलं, काहीच विरघळलं नाही, म्हणजे लाखेचं फिनिश नाहीये, जाड पॉलिएस्टर (कडक प्लास्टिकसारखा थर) असणार असं वाटतं. त्यात काळं पॉलिएस्टर भरून, सुकलं की वॉटर पेपरने बारीक बारीक घासत २००० नंबरपर्यंत नेऊन बफिंग करतात, तेवढाच कोपरा होतो असं वाचलंय.

तर मुंबई-ठाण्यात असं काम घरी येऊन करणारं कोणी आहे का? गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंगवाले नकोत प्लीज, पियानोचा अनुभव असलेलाच हवा. पावसाळ्यात हवेत एवढी ओल असताना हे करावं की दिवाळीनंतर? आणि घासताना धूळ तारांत, हॅमरमध्ये जाऊ नये म्हणून झाकण काढून वेगळं नेलेलं बरं का? साधारण खर्चही सांगा. तोपर्यंत सिलिकॉनवाला स्प्रे घरात कोणाला मारू देत नाहीये, त्यावर नंतर फिनिश नीट बसत नाही.