धडधड, बीपी वर-खाली, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. पुढे काय करावं? (मदत हवी आहे)

अबोली:
नवरा, वय ४६. बैठं काम, तंबाखू-सिगारेट नाही, शुगर नॉर्मल. दोन महिन्यांपासून आठवड्यातून तीन-चारदा धडधड होते, बहुतेक वेळा रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर. मध्येच ठोका चुकल्यासारखं वाटतं, बोटांना मुंग्या येतात, जीव घाबरा होतो. ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) ९ मिनिटं चालली, ठोके १५२ पर्यंत गेले, निगेटिव्ह आली. घरच्या मशीनवर बीपी १५२/९६, पाच मिनिटांनी १४४/९०, मग १३८/८८. दिवसातून दहा-बारा वेळा मोजणं चालू आहे. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे.

अँजिओग्राफी करून एकदाचं मोकळं व्हावं का? ही भीतीच पुढे हृदयाला बाधते का? आणि अटॅक की घाबरणं, हे घरी कसं ओळखायचं?

तिरफळ:
आधी टीएमटीचा आकडा बघा. ठोके निदान किती वाढायला हवेत, तर २२० वजा वय म्हणजे १७४, त्याचे ८५ टक्के १४८. तुमचे १५२ गेले, म्हणजे तपासणी अर्धवट नाही. एवढ्या श्रमाला छातीत दुखलं नाही आणि आलेखही बदलला नाही, तर 'मोकळं होण्यासाठी' अँजिओग्राफी करू नये. शिवाय तुमची तक्रार धडधडीची आहे. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्यांतले अडथळे दिसतात, ठोक्यांची लय कळत नाही. लयीसाठी होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारं यंत्र. पण त्रास आठवड्यातून तीन-चारदाच होत असेल तर २४ तासांच्या होल्टरमध्ये तो सापडेलच असं नाही. तसंच नोंद करणारा, छातीवर चिकटवायचा ७ दिवसांचा पॅच मिळतो का ते विचारा. लावल्यावर प्रत्येक धडधडीची वेळ वहीत लिहायची, नाहीतर रिपोर्टशी ताळमेळ बसत नाही.

डॉक्टरांना सांगण्यासाठी एक गोष्ट नीट पाहून ठेवा: धडधड सुरू कशी होते आणि थांबते कशी. भीतीची धडधड चढत जाते आणि हळूहळू उतरते, ठोके बहुधा १०० ते १४०. बटण दाबल्यासारखी एकदम सुरू, एकदम बंद आणि ठोके १५० च्या वर, असं असेल तर एसव्हीटीची (ठोक्यांच्या लयीतला एक बिघाड) शंका घ्यावी लागते. त्यावर 'टेन्शन आहे' हे उत्तर चालणार नाही.

ठोका चुकतो म्हणता, तो खरं तर चुकत नाही, लवकर पडतो. मग थोडी विश्रांती, आणि पुढचा ठोका जोरात. तो दणका तेवढा जाणवतो. डाव्या कुशीवर जास्तच. इको नॉर्मल असताना असे अधूनमधून पडणारे ठोके सहसा निरुपद्रवी असतात.

टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम झालंय का? वाढलेला थायरॉइड आणि रक्त कमी असणं, दोन्ही हुबेहूब 'टेन्शन'सारखी दिसतात. चहाचे कप आणि सर्दीच्या गोळ्याही मोजा, त्यांनीही धडधड होऊ शकते.

अटॅकबद्दल: भीतीचा झटका साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात ओसरतो. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मुंग्या त्यामुळे. याउलट छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, जबडा-खांदा-हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम, चालल्यावर वाढणारा त्रास, किंवा १५ मिनिटांनंतरही न थांबणारं दुखणं असेल तर घरी निदान करत बसायचं नाही. १०८ ला फोन. 'गॅस असेल' म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट पाहण्यात सगळ्यात मौल्यवान तास जातात. धडधड चालू असताना शुद्ध हरपली, तरी १०८ च.

कवडसा:
तिरफळदादांनी लय सांगितली, मी बीपीचं सांगते. तुमचे तीन आकडे उतरते आहेत: १५२, १४४, १३८. बसल्यावर अंग शांत होतंय एवढाच त्याचा अर्थ. दहा-बारा वेळा मोजणं हाच आता आजार झालाय: आकडा वाढला की भीती, भीतीने पुढचा आकडा आणखी वर.

७ दिवस सकाळ-संध्याकाळच मोजा. आधी अर्धा तास चहा नाही, लघवी करून यायचं, पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर घरचं बीपी ठीक. वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे. धडधड चालू असताना मोजलेला आकडा त्या सरासरीत धरू नका.

भीतीने हृदयाला बाधतं का? २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात, ५२ देशांत, मानसिक ताण हा हार्ट अटॅकच्या नऊ मुख्य घटकांपैकी एक ठरला. पण एखाद्या झटक्याने धडधाकट हृदय बंद पडत नाही. खरं नुकसान आडवाटेने होतं: झोप उडते, आणि 'ठोके वाढतील' म्हणून माणूस जिना चढणं सोडतो. म्हणून जिना चढायचाच. टीएमटी स्वच्छ आहे आणि डॉक्टरांची हरकत नाही, तर रोज दोन मजले, वर पोचून ठोके आपोआप उतरतात ते अनुभवायचं, नाडी न तपासता. झटका आला की ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, ५ मिनिटं. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय करू नका.

समुपदेशनासाठी टेली-मानसचा १४४१६ आहे, मराठीतही बोलतात.

अबोली:
खूप आभार. टीएसएच झालेलं नाही, उद्या सांगते करायला. चहा सहा कप! अल्प्राझोलाम ०.२५ (घबराटीवरची गोळी) रात्री दिलीय, ती चालू ठेवू का? आणि मशीनच्या पट्ट्यावर '२२-३२ सेंमी' छापलंय, त्याचं काय?

तिरफळ:
टेपने दंड मोजा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध. ३२ च्या वर भरला तर हा पट्टा लहान पडतोय आणि आकडे फुगवतोय. २२-४२ चा पट्टा वेगळा मिळतो, मशीनच्याच कंपनीचा घ्या.

अल्प्राझोलाम मनाने बंद करू नका आणि मनाने वाढवूही नका. रोज घेतली तर काही आठवड्यांत सवय लागते, आणि एकदम सोडली की हीच धडधड दुप्पट जोराने परत येते. किती दिवस घ्यायची आणि कशी उतरवायची, हे चिठ्ठीवर लिहून मागा. आणि कुणी शेजाऱ्याने स्वतःची प्रोप्रानोलॉल (ठोके कमी करणारी गोळी) देऊ केली, तर ती अजिबात नको. दमा असेल तर ती घातक ठरू शकते.

अबोली:
दंड ३५ भरला. नवा पट्टा मागवलाय.