पानं पिवळी: खत वाढवण्याआधी पीएच मोजा

हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यात वाढवलेल्या झाडांची पानं पिवळी पडली की खताचा डोस वाढवा, हा सल्ला सरसकट चालणार नाही. खालची जुनी पानं पिवळी होत असतील तर नत्र कमी, इथवर सहमत. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार दिसल्या तर ती लोहाची कमतरता, आणि बरेचदा लोह पाण्यात असूनही पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली ते सांगणारा आकडा) चढल्यामुळे मुळांना मिळत नसतं. आमच्या बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट क्षारांमुळे पीएच सारखा ७ च्या वर जातो, हवा ५.५ ते ६.५. फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबानं घालून खाली आणला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजाच, तो परत चढतो.

शिवाय लोह चिलेटच्या (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणाऱ्या संयुगाच्या) रूपात मिळतं; त्यातलं ईडीटीए प्रकारचं लोह साधारण ६.५ पीएचच्या पुढे टिकत नाही, डीटीपीए प्रकारचं साडेसातपर्यंत तग धरतं. पाकिटावर कोणतं लिहिलंय ते वाचूनच घ्या.