फादर दिब्रिटो गेले, नंदाखालला अंत्यदर्शनाला जायचंय, रीत काय असते?

डोंबिवलीचा_वाचक
आज २५ जुलै २०२४, सकाळीच बातमी वाचली की वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले, ८१ वर्षांचे होते. आमचा इथे छोटा वाचनकट्टा आहे, आम्ही चारपाच जण संध्याकाळी विरारजवळच्या नंदाखालला जायचं म्हणतोय. पण आमच्यात कोणीच ख्रिस्ती नाही आणि चर्चमधल्या अंत्यविधीला कधी गेलेलो नाही, तर हार न्यायचा का, पाया पडलं तर चालतं का, बसायचं कुठे, आणि सगळं इंग्रजीत असतं की काय? आपल्यामुळे घरच्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको. वसईकरांनी प्लीज सांगा.

वसईची_लेक
बिनधास्त या हो. इंग्रजी कसलं, वसईतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीतच असते, प्रार्थना, गाणी, प्रवचन सगळं कळेल तुम्हाला. हार आणलात तरी चालेल, साधी फुलं आणलीत तर बरं. हात जोडा, पाया पडलात तरी कोणी काही म्हणणार नाही. चपला काढायच्या नसतात. बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, गुडघे टेकायची सक्ती नाही. फक्त कम्युनियनच्या वेळी लोक पवित्र भाकर घ्यायला रांगेने पुढे जातात तेव्हा जागेवर बसून राहा, तो प्रसाद समजून बरेच जण हात पुढे करतात आणि मग वाटणाऱ्यालाही अवघड होतं.
एक गोष्ट बघा, आपल्यासारख्या साध्या माणसाची शवपेटी पाय वेदीकडे (पुढचं मिस्साचं टेबल) करून ठेवतात, धर्मगुरूची मात्र डोकं वेदीकडे. म्हणजे आयुष्यभर मिस्सा करताना लोकांकडे तोंड केलं तसंच आताही. अंगावर मिस्साचा झगा असतो. शेवटी पेटीवर तीर्थ शिंपडतात, धूप दाखवतात.
विरार पश्चिमेहून आगाशीकडची बस किंवा रिक्षा मिळेल. पाऊस आहे, लवकर निघा.

धाराशिवचा_मास्तर
आमच्याकडं २०२० च्या जानेवारीत ९३ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा फादर अध्यक्ष होते. धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून काही संघटनांनी आधीच बोंब मारली होती, फोन, धमक्या सगळं झालं. आले ते पाठदुखीनं व्हीलचेअरवर बसून. आम्हाला वाटलं आता दोन गोड शब्द बोलून उरकतील, पण माणूस अभिव्यक्तीवर घाव घालणाऱ्यांबद्दल तोंडावर बोलला. आमच्या शाळेत बायबलचं पुस्तक आलं ते त्यांचंच, 'सुबोध बायबल', साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेलं. पोरांना सोडा, मलाच वाचताना अडलं नाही कुठं.

खरं_बोलतो
श्रद्धांजली. पण उगाच देव करू नका कोणाचा. वसईची हिरवाई वाचवायला हरित वसई हरित वसई म्हणून फादरांनी एवढे मोर्चे काढले, आज विरार ते नालासोपारा बघा, टॉवरच टॉवर. मिळवलं काय?

बागायतदार_वसई
खरं बोलतो साहेब, तुम्ही टॉवर बघताय, ते दिसणारच. जरा नंदाखाल, निर्मळ, भुईगाव फिरून या, केळी आणि पानवेली अजून आहेत. ऐंशीच्या दशकात टँकरवाले आमच्या विहिरी उपसून पाणी विकायचे, बागा डोळ्यांसमोर सुकत होत्या, विरोध करणाऱ्याला दमदाटी व्हायची आणि सगळे गप्प होते, तेव्हा हे पांढऱ्या झग्यातले फादर रस्त्यावर उतरले आणि त्यांच्या मागे ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळे उतरले, कारण विहीर आटली की सगळ्यांचीच आटते. सगळं वाचलं नाही, मान्य. पण ते नसते तर वाद घालायलाही काही उरलं नसतं. आज आमच्या गल्लीत दोन घरं सोडून सगळ्यांची तयारी चालू आहे, त्यातली निम्मी चर्चला कधी न जाणारी.
आणि 'सुवार्ता' मासिक २००७ पर्यंत त्यांनी चालवलं, आमच्या घरी ते आलं की आधी आजी वाचायची मग आम्हाला मिळायचं.

पुणेरी_मेघा
आज येणं जमत नाहीये, ऑफिसातून सुट्टी नाही. नंतर कधी आलं तर चालतं का?

वसईची_लेक
चालतं की. नाहीतर २ नोव्हेंबरला या, मृतांचा दिवस असतो, लोक कबरी साफ करून फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात, तिथले धर्मगुरू येऊन कबरींना आशीर्वाद देतात. त्या दिवशी दफनभूमीत उभं राहायला जागा नसते, गाडी लांबच लावा.