सभागृहात कोणी किती वेळ बोलायचे, हे नेमके ठरवते कोण?

चौकस मतदार: विधानसभेचे थेट प्रक्षेपण मी अलीकडे नियमितपणे पाहतो. लहान पक्षाचा सदस्य उभा राहतो, दोन वाक्यांचे प्रास्ताविक करतो आणि मुद्द्यावर येतो न येतो तोच घंटा वाजते; त्याच चर्चेत मोठ्या पक्षाचे वक्ते मात्र अर्धा अर्धा तास बोलतात. हा वेळ अध्यक्ष आपल्या मर्जीने देतात की त्यामागे काही ठरलेला हिशेब असतो?

निवृत्त प्रतिवेदक: हिशेब असतो, आणि तो चर्चेच्या आधीच झालेला असतो. कोणत्या विषयाला एकूण किती तास द्यायचे, हे अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील कामकाज सल्लागार समिती ठरवते. त्यानंतर तो वेळ पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात वाटला जातो. आपल्या विधानसभेत २८८ सदस्य आहेत. पाच तासांची, म्हणजे ३०० मिनिटांची चर्चा धरली, तर प्रत्येक सदस्यामागे एका मिनिटाहून किंचित अधिक वेळ येतो. दहा आमदारांच्या पक्षाला दहा मिनिटे आणि ज्या पक्षाचा एकच आमदार आहे त्याला जेमतेम एक मिनिट, असे हे गणित आहे. एका मिनिटात ‘अध्यक्ष महाराज’ म्हणून होते, फार तर तालुक्याचे नाव घेऊन होते. म्हणून पीठासीन अधिकारी अशा सदस्यांना थोडी सूट देतात. पण ती सूटच, हक्क नव्हे.

लोकसभेतले उदाहरण अधिक बोलके आहे. २० जुलै २०१८ रोजी अविश्वास प्रस्तावावरील चर्चेसाठी सात तास ठरले होते. त्यांपैकी भारतीय जनता पक्षाला ३ तास ३३ मिनिटे, काँग्रेसला ३८ मिनिटे आणि ज्या तेलुगू देसमने प्रस्ताव आणला होता त्या पक्षाला अवघी १३ मिनिटे मिळाली. प्रत्यक्षात त्या पक्षाचे पहिले वक्ते जयदेव गल्ला तासाभराच्या आसपास बोलले आणि चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली.

मागचा बाक: वरील माहिती योग्य आहे, परंतु तिच्यातून केवळ लहान पक्षांवर अन्याय होतो असा समज होऊ नये. वेळ सदस्याला मिळत नाही, पक्षाला मिळतो, आणि खरी मेख तिथेच आहे. पाच तासांच्या त्याच चर्चेत १३२ आमदारांच्या पक्षाच्या वाट्याला सुमारे १३७ मिनिटे येतात. पण पाच-सहा ज्येष्ठ वक्त्यांनी वीस-वीस मिनिटे घेतली की उरलेल्या सव्वाशे जणांनी बाके वाजवण्यापलीकडे काय करायचे? वक्त्यांची नावे पक्षाच्या प्रतोदाकडून, म्हणजे सभागृहात पक्षाच्या सदस्यांची हजेरी आणि मतदान सांभाळणाऱ्या सदस्याकडून, जातात. घड्याळ अध्यक्षांकडे असले तरी यादी प्रतोदाच्या खिशात असते. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे मतदानही पक्षादेशानुसारच करायचे असल्याने, ज्याला बोलायला मिळाले नाही त्याला मतातूनही वेगळे काही सांगता येत नाही.

टेम्सकाठचा मराठी: ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये पक्षांना असा मिनिटांचा कोटा नसतो. अध्यक्ष साधारणपणे आलटूनपालटून दोन्ही बाजूंच्या सदस्यांना पुकारतात आणि बोलणारे जास्त असतील तर मागच्या बाकांवरील प्रत्येकाला ठरावीक मिनिटांची मर्यादा घालतात. त्यामुळे सरकारी पक्षातला नाराज सदस्यही बोलू शकतो. माझ्या मते हीच पद्धत अधिक न्याय्य आहे.

निवृत्त प्रतिवेदक: न्याय्य असेल, पण तिथे कोणाला केव्हा पुकारायचे याचा फार मोठा अधिकार एका व्यक्तीच्या हाती जातो. आपल्याकडे अध्यक्ष बहुधा सत्तारूढ पक्षाचेच राहतात. त्यांच्या नजरेपेक्षा मला रूक्ष त्रैराशिक बरे वाटते.

चौकस मतदार: मग एकट्यादुकट्या सदस्याने आपला विषय मांडायचा तरी कुठे?

मागचा बाक: जिथे संख्याबळ मोजले जात नाही तिथे. लोकसभेत दिवसाला जास्तीत जास्त २० तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न घेतले जातात आणि त्यांचा क्रम सोडतीने लागतो. सोडतीला पक्ष कळत नाही. शुक्रवारी शेवटचे अडीच तास अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी आणलेल्या, कामकाजासाठी राखलेले असतात. आपल्या विधानसभेत तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा ही साधने आहेत. आपल्या आमदारांचे मोजमाप करायचे असेल, तर भाषणाची मिनिटे मोजण्याआधी त्यांनी या अधिवेशनात किती प्रश्न आणि सूचना दिल्या, हे त्यांनाच पत्राने विचारा.