रीसेल फ्लॅटचं बँक व्हॅल्युएशन अडकलंय, लवकर कसं होईल?

मृण्मयी_कोथरूड
नमस्कार. कोथरूडमध्ये १९९६ सालच्या बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके घेतोय. व्यवहार ८२ लाखांना ठरलाय, कर्ज ६२ लाखांचं. विसार दिला आणि ६० दिवसांत व्यवहार पुरा करायचा असं लिहून दिलं, त्यातले २३ दिवस गेले. वकिलांचा सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीच्या कागदांची तपासणी) वेळेत आला. टेक्निकल, म्हणजे घराच्या किमतीचा व्हॅल्युएशन रिपोर्ट, मात्र येतच नाही. पहिल्यांदा व्हॅल्युअरचा (बँकेसाठी किंमत ठरवणाऱ्याचा) माणूस आला तेव्हा भाडेकरू कुलूप लावून गावाला गेलेले. दुसऱ्यांदा मापं घेतली, फोटो काढले, त्यालाही नऊ दिवस झाले. बँकेत विचारलं की 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच उत्तर. सासूबाईंना जिने चढवत नाहीत, लिफ्टची बिल्डिंग शोधत आठ महिने फिरलोय. हे घर हातचं जाऊ द्यायचं नाहीये. आपल्या बाजूने काय करता येईल?

राहुल_वाकड
रोज फोन करा. पाठपुरावा केल्याशिवाय कुठलीच फाइल हलत नाही. आणि विसार पावतीची मुदत वाढवून मालकांकडून आत्ताच लिहून घ्या, शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

साइटवरचा_माणूस
मृण्मयीताई, मी पुण्यात बँकांच्या पॅनेलवर असलेल्या एका व्हॅल्युअरकडे सहा वर्षं साइट व्हिजिटला जात होतो. घर बघायला पाऊण तास लागतो, रिपोर्ट लिहायला एखादा दिवस. नऊ दिवस गेलेत म्हणजे फाइल कुठल्या तरी प्रश्नावर थांबलीय आणि तो प्रश्न तुमच्यापर्यंत पोचलेला नाही. व्हॅल्युअर बँकेला मेल टाकतो, तो तिथे कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहतो. त्यामुळे रोज फोन करण्यापेक्षा एकच मेल करा, आणि त्यात 'रिपोर्ट कधी येणार' असं विचारू नका. 'व्हॅल्युअरने कुठला कागद मागितलाय का, काही जुळत नाहीये का' असं विचारा.

१९९६ ची बिल्डिंग म्हटल्यावर मला पहिली शंका येते ती फ्लॅट नंबरची. तेव्हा बरेच बिल्डर करारनाम्यात सरळ १ ते १२ असे नंबर घालायचे. पुढे सोसायटीने मजल्याप्रमाणे १०१, २०१ अशा पाट्या लावल्या. एरंडवण्यात एका काकूंकडे गेलो होतो. बावीस वर्षं त्याच घरात राहत होत्या. सूची दोनमध्ये (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा, इंडेक्स टू) फ्लॅट ९, दारावर ३०१, आणि लाइट बिलावर नंबरच नाही. त्यांनी कपाटातून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) काढून दिलं, त्यावरही ९. मी दारासमोर उभा, घर त्यांचंच आहे हे मला दिसतंय, पण ९ म्हणजेच ३०१ असं सांगणारा एकही कागद नव्हता. असा रिपोर्ट कुठलाही व्हॅल्युअर सही करून देणार नाही, कारण चुकीचं घर तारण गेलं तर जबाबदारी त्याची. सोसायटीचं दोन ओळींचं पत्र लागलं. सेक्रेटरी परगावी होते, त्यात अकरा दिवस गेले.

तेव्हा आज संध्याकाळीच करारनामा, सूची दोन, शेअर सर्टिफिकेट, टॅक्स पावती आणि लाइट बिल शेजारी शेजारी ठेवा आणि फक्त नंबर वाचा. मीटरचा नंबर खाली जाऊन बिलाशी ताडून बघा, आम्ही त्याचाही फोटो काढायचो.

दुसरं म्हणजे पालिकेने मंजूर केलेला नकाशा आणि कम्प्लीशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला. मालकांकडे नसेल तर आधी सोसायटीच्या जुन्या फाइलमध्ये शोधा, मग शेजाऱ्यांकडे. त्या बिल्डिंगमध्ये आधी कुणी कर्ज काढून घर घेतलं असेल तर त्यांच्याकडे झेरॉक्स असतेच. माहिती अधिकारात अर्ज केलात तर उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तुम्हाला ते परवडणार नाही. पालिकेत नकलेचा अर्ज मात्र आजच टाकून ठेवा.

बाल्कनी हॉलमध्ये घेतलीय का? नकाशात उघडी असेल तर व्हॅल्युअर ती जागा वेगळी मोजतो. जुन्या करारनाम्यात बिल्ट-अप (भिंती धरून) क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, आम्ही मोजायचो कार्पेट (भिंतींच्या आतलं). मापात फरक दिसला की फाइल बाजूला पडते. मालकांना विचारून तुम्हीच आधी कळवून टाका, लपवू नका.

आकड्याबद्दल एक सांगतो, मनापासून. एवढ्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. म्हणजे ६२ लाखांसाठी मूल्यांकन निदान साडेसत्त्याहत्तर लाख यायला हवं. म्हणून व्हॅल्युअरला 'जरा बघा' म्हणायचा मोह होतो. तसं बोलू नका, आणि त्याच्या माणसाच्या हातात पैसेही देऊ नका. त्याच बिल्डिंगमधले किंवा गल्लीतले अलीकडचे नोंदणीकृत व्यवहार माहीत असतील तर त्यांच्या सूची दोन बँकेमार्फत पाठवा. आम्हाला ते शोधायला वेळ लागायचा, कुणी दिले तर बरंच वाटायचं.

स्मिता_सेक्रेटरी
मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. पत्र मागायला येताना मजकूर टाइप करून आणा, करारनाम्याचं पहिलं पान आणि सूची दोनची प्रत जोडा. 'करारनाम्यातील फ्लॅट क्र. अमुक आणि सध्याचा फ्लॅट क्र. तमुक हे एकच आहेत' एवढं पुरतं. अर्ज खरेदीदाराने नाही, मालकाने सही करून द्यायचा, कारण सभासद ते आहेत. नाहीतर आम्हाला परत पाठवावं लागतं.

मृण्मयी_कोथरूड
साइटवरचा माणूस, तुमचे किती आभार मानू! करारनाम्यात ६, दारावर २०२. काल बँकेला मेल केला तर कळलं की व्हॅल्युअरने आठ दिवसांपूर्वीच हे विचारलं होतं. मालकांनी रात्रीच अर्जावर सही केली, स्मिताताईंनी दिला तोच मजकूर घातला.

मृण्मयी_कोथरूड
रिपोर्ट आला. पत्र पोचल्यावर तिसऱ्या दिवशी. मूल्यांकन ७९ लाख. बाल्कनी वेगळी धरलीय, ठीक आहे. मुदतवाढही लिहून घेतली. आणि वकिलांना सांगून आमच्या करारनाम्याच्या मसुद्यात 'फ्लॅट क्र. ६, सोसायटीच्या नोंदीप्रमाणे २०२' असं घालून घेतलंय.